दुसऱ्या दिवशी हजर

निवृत्तीनंतर मी भुकूमला राहायला आले. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला, नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, आणि पुण्यातल्या घराचा जिना गुडघ्यांना झेपेनासा झाला होता. सगळी नोकरी सरकारी दफ्तरखान्यात गेली. जुना कागद हातात घेतला की तो खरा की नंतर केलेला, अक्षर कोणाचं, कोणती ओळ मागाहून घुसवलेली, हे कळतं. त्यापलीकडे मला फारसं काही येत नाही. म्हणून ओळखीच्या एका प्राध्यापिकेनं फोन करून, परदेशातल्या एका अभ्यासक बाईंना पडताळणीच्या कामात मदत हवी आहे असं सांगितलं, तेव्हा मी दुसरा प्रश्न न विचारता हो म्हटलं.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या ज्या बायकांना सरकारी पदकं आणि किताब मिळाले त्यांची यादी त्या बाई तयार करत होत्या. यादी जुन्या राजपत्रांवरून केलेली होती आणि तिच्यात चुकांचा सुकाळ होता. एकाच बाईच्या दोन नोंदी, कुठे दोघींची मिळून एक, गावांच्या नावांची तर दैनाच. आपल्या भागातल्या नोंदी माझ्याकडे आल्या. प्रत्येकीसाठी एक कागदाचा पुरावा शोधायचा, जमलं तर घरच्या माणसांना भेटायचं, आणि शेवटच्या रकान्यात तीनपैकी एक शेरा लिहायचा. पडताळली, पडताळता आली नाही, किंवा काढून टाकावी.

बहुतेक नावं आपल्याला वाटतील तशीच होती. संस्थानांच्या राण्या, मिशनच्या डॉक्टर, शाळा काढणाऱ्या मोठ्या घरच्या बायका. त्यांचे फोटो मिळायचे, पत्रं मिळायची, नातवंडं दिवाणखान्यात बसवून चहा द्यायची. एक नोंद मात्र दीड ओळीची होती. एक पाळण्यातलं नाव आणि त्यापुढं ‘बाई’. आडनाव नाही, नवऱ्याचं नाव नाही. हुद्दा परिचारिका, ठिकाण मुळशी पेटा, म्हणजे आजचा तालुका, कारण पटकीच्या साथीत मजुरांची सेवा.

शंभर वर्षांपूर्वी मुळशीला धरण बांधलं जात होतं तेव्हाची ही गोष्ट असणार, एवढं उघड होतं. धरणाच्या पोटातल्या गावांतली माणसं त्या कामावर जायला तयार नव्हती. जमिनी त्यांच्याच जाणार होत्या. मजूर बाहेरून आणले होते, त्यांचे तळ पडले होते, आणि तळावर पटकी म्हणजे कॉलरा आला होता. पण त्या मजुरांची सेवा करणारी, आडनावसुद्धा नसलेली बाई कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी गाडी काढून गेले. पहिल्या दोन गावांत काही हाती लागलं नाही. तिसऱ्या ठिकाणी ग्रामपंचायतीतल्या कारकुनानं नाव ऐकलं आणि मान वर न करता म्हणाला, “मेडलवालीचं घर का? बौद्धवस्तीत विचारा, कुणीबी दावील.”

घर दोन खोल्यांचं, वर सिमेंटचे पत्रे. दारात एक म्हातारी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यानं दिसत नसावं. यादीतल्या बाईची ही नात. तरुणपणी नवरा वारल्यावर मुलाला घेऊन माहेरी आली आणि इथलीच झाली. मुलगा ट्रकवर असतो, महिन्यातले चार दिवस घरी. सून घोटावड्याकडच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. गुरुवारची सुट्टी म्हणून त्या दिवशी ती घरी होती. तिनं मला खुर्ची दिली.

मी म्हटलं, “मावशी, तुमच्या आजीबद्दल विचारायला आलेय. इंग्रजांच्या कागदात त्यांचं नाव आहे.”

तिनं सूप खाली ठेवलं. हात लुगड्याला पुसले. मग विचारलं, “विलायतेतनं काय आलंय का?”

मी म्हटलं, तिकडच्याच एका बाईंनी मला हे काम दिलंय. यात खोटं काही नव्हतं. पण ते ऐकून तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. ती पुढं सरकून हळूच म्हणाली, “मंग माज्या आत्याचं काय लिवलंय?”

कुठल्याही आत्याबद्दल मला काही माहीत नव्हतं. तसं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. बोलत्या माणसाला अडवू नये, ही नोकरीतली जुनी खोड. आणि खरं तर, ती बोलेल तर माझी नोंद पूर्ण होईल हा लोभ. मी म्हटलं, “तुम्ही आधी सगळं सांगा, मग मी कागद बघते.” त्यावर ती दोन तास बोलली.

तिच्या आजीला दोन मुलं होती. मोठा मुलगा सातआठ वर्षांचा, तो या म्हातारीचा बाप. धाकटी मुलगी चार वर्षांची. पटकी आली तेव्हा तळावरच्या मजुरांना हात लावायला कोणी तयार नव्हतं. मग डॉक्टरनं माणूस पाठवून महारवाड्यातल्या बायका बोलावल्या. ओकाऱ्या धुवायच्या, चिंध्या जाळायच्या, मेलेल्यांना उचलून न्यायचं. तशीही गावातली मेलेली जनावरं ओढायचं काम यांच्याच वाट्याला होतं, त्यामुळं विचारायचा प्रश्नच नव्हता. बाकीच्या बायका दोनचार दिवसांत पळून आल्या. आजी राहिली. मुलगी अंगावरची होती, तिच्यावाचून राहत नव्हती, म्हणून तिला कडेवर घेऊन जायची.

महिन्याभरानं आजी परत आली ती एकटी. विचारलं तेव्हा म्हणाली, डॉक्टरच्या मडमेला पोर आवडली, ती विलायतेला घेऊन गेली. शिकून मोठी होईल. पुढच्या वर्षी फौजदार सांगत आला की या बाईला सरकारनं बिल्ला दिला आहे. गावानं दोन आणि दोन चार केले. हिनं पोर विकली आणि बिल्ला आणला. त्यातून तो बिल्ला कोणाचा, तर ज्यांनी गावं बुडवली त्यांचा. नवरा मुंबईला गिरणीत गेला तो परत आला नाही. मुलगा मोठा झाला, त्यानं लग्न केलं, पण आईशी बोलला नाही. एकाच घरात दोन चुली. म्हातारीनं त्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं आता गॅसची टाकी होती.

“माज्या बापानं तिच्या हातचं पानीबी घेतलं न्हाई. मरूस्तवर न्हाई.”

आजी मेली त्याच्या तिसऱ्या दिवशी बापानं त्या चुलीखालची जमीन खणली. बिल्ला काढून धरणात फेकायचा होता त्याला. कमरेइतका खड्डा केला, पण काही सापडलं नाही. बिल्ला कोणी कधी पाहिलाच नव्हता.

आणि एवढं सगळं असून, म्हातारी म्हणाली, वस्तीवर टपाल आलं की बाप दाराशी येऊन उभा राहायचा. कोणाला पत्र आलंय ते विचारायचा नाही. नुसता उभा राहायचा. बहिणीचं येईल असं त्याला वाटत असणार. लहानपणी ही स्वतःही कोणाला न सांगता मनात धरून होती, की तिकडं आपली एक आत्या आहे, बूट घालते, घोडागाडीत बसते. आता ती नसेल, पण तिची मुलं असतील, नातवंडं असतील. “आमच्यावानी दिसत असतील का वो?” तिनं विचारलं. मी नुसती हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दफ्तरखान्यात आता नवी माणसं आहेत, पण रीत तीच. अर्ज केला, आठ दिवस वाट पाहिली, धरणाच्या भूसंपादनाची रुमालात बांधलेली दफ्तरं टेबलावर आली. पदकाची शिफारस दुसऱ्याच दिवशी सापडली. तळावरच्या डॉक्टरनं कलेक्टरला इंग्रजीत लिहिलेलं पत्र. ही बाई भंगीकामासाठी घेतली होती, पण परिचारिकेसारखी वागली, असं त्यात होतं. म्हणजे ‘परिचारिका’ हा हुद्दा नव्हे, कौतुकाचा शब्द होता. यादीत येईपर्यंत तो हुद्दा झाला. पुढं एक वाक्य होतं: स्वतःची घरगुती हानी होऊनही हिनं एकही दिवस काम चुकवलं नाही. मी ते वाचलं आणि टिपणात लिहून टाकलं, ‘घर धरणात गेले असावे’.

मग पदकवाटपाची नोंदवही. तिच्या नावासमोर, ‘स्वतः हजर राहणे सोयीचे नसल्याने’, पदक डॉक्टरच्या पत्नीनं पुण्याच्या समारंभात स्वीकारलं. सही इंग्रजीत, ठसठशीत. पुढं ते मूळ बाईला पोचवल्याची पावती लावायची जागा होती. ती कोरी. मला चुलीखालचा खड्डा आठवला.

त्याच वहीमुळं माझ्या मनात पहिली शंका आली. समारंभाची तारीख साथीनंतर वर्षभरानं होती, आणि डॉक्टरची पत्नी पुण्यात होती. मुलीला घेऊन ती विलायतेला गेली होती तर पुण्यात कशी? लोक जाऊन परत येत, हे खरं. पण मग मुलगी कुठे ठेवली? मी तळाच्या दवाखान्याचे कागद मागवले.

दोन वह्या आल्या, कसरीनं खाल्लेल्या. एक कामावरच्या माणसांची हजेरी, दुसरी मेलेल्यांची. दोन्ही मोडीत. तळावर कोणी मराठी कारकून असणार, अक्षर घाईचं पण स्वच्छ. मेलेल्यांच्या वहीत नाव, गाव, वय, दवाखान्यात आणल्याचा दिवस, मेल्याचा दिवस, आणि शेवटच्या रकान्यात प्रेत ताब्यात घेऊन नेणाऱ्याची निशाणी. बहुतेक पानांवर त्या रकान्यात एकाखाली एक एकाच बाईचे अंगठे होते. शेजारी कारकुनानं प्रत्येक वेळी तिचं नाव लिहिलेलं. तीच.

चौथ्या की पाचव्या पानावर मी थांबले. नाव मुलीचं होतं. वय चार. गावाच्या जागी मुळशीकडचं गाव. तोपर्यंतच्या सगळ्या नोंदी बाहेरगावच्या मजुरांच्या होत्या, हीच एक इथली. नावापुढं लिहिलं होतं, ‘कामावरील बाईची मुलगी’, आणि आईचं नाव. सकाळी आजारी, संध्याकाळी मृत. प्रेत नेणाऱ्याच्या रकान्यात तिचाच अंगठा. वरच्या आणि खालच्या अंगठ्यांसारखाच, जराही पुसट नाही, जराही वाकडा नाही.

मी हजेरीची वही ओढली. तो दिवस काढला. हजर. दुसऱ्या दिवशी हजर. तिसऱ्या दिवशी हजर. साथ संपेपर्यंत एकही खाडा नाही.

डॉक्टरनं ‘घरगुती हानी’ कशाला म्हटलं होतं ते तेव्हा मला कळलं. मी टिपणातली माझी ओळ खोडली. दफ्तरखान्याच्या वाचनकक्षात बसले होते म्हणून रडले नाही, एवढंच. नोकरीत अशा साथीच्या वह्या शेकड्यांनी हाताळल्या होत्या, पानं मोजून, शिक्का मारून बांधून ठेवल्या होत्या.

घरी आल्यावर मी पुन्हापुन्हा एकाच गोष्टीपाशी येत होते. मडमेनं पोर नेली, ही गोष्ट कोणी रचली? डॉक्टरनं नाही, कारकुनानं नाही. तिनं स्वतः. मुलीला पटकीच्या तळावर आपण नेलं, तिथं ती मेली, आपण तिला आपल्या हातांनी पुरलं, हे नवऱ्याला आणि मुलाला सांगणं तिला झालं नाही. त्यापेक्षा तिकडं कुठेतरी जिवंत आहे हे सांगणं तिला बरं वाटलं असेल. त्याचा अर्थ गाव असा लावेल हे तिला कुठे माहीत होतं. आणि लावल्यावरही तिनं गोष्ट बदलली नाही. पोर विकणारी म्हणून वेगळ्या चुलीवर आयुष्य काढलं. मुलगा रोज टपालाची वाट पाहत होता. त्याची वाट तिनं मोडली नाही.

परदेशातल्या बाईंना मी व्हिडिओवर सगळं सांगितलं. त्या चांगल्या आहेत; चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, नोंद पडताळली गेली, हुद्दा दुरुस्त करू, पदक दुसरीनं घेतल्याची तळटीप देऊ. मुलीसाठी यादीत रकाना नाही. घरच्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, तुम्ही त्यांना ओळखता.

मी सुनेला फोन केला. सासूला ती आत्ती म्हणते. तिनं ऐकून घेतलं आणि तिचं मत स्पष्ट होतं. “नका सांगू मॅडम. आत्तींचं वय बघा. तेवढ्या एका गोष्टीवर जगल्यात त्या. तुमचा रिपोर्ट झाला ना?” मला ते पटलं. सोयीचं असतं ते लवकर पटतं. मी शेरा लिहिला, पडताळली, आणि पुढच्या नोंदीकडं वळले.

तीन आठवड्यांनी सुनेच्याच नंबरवरून म्हातारीचा फोन आला. कागद सापडला का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, हो, सापडला. मग ती म्हणाली, “मंग सांगाया का आली न्हाईस?” पहिल्यांदाच तिनं मला एकेरी म्हटलं होतं. मी म्हटलं, गुरुवारी येते.

गुरुवारी सून दारातच होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि बाजूला झाली. म्हातारी जेवून बसली होती. मी खुर्ची नको म्हटलं, तिच्याजवळ खाली बसले. आडवळणानं सांगायचं ठरवून गेले होते, पण तिथं बसल्यावर ते जमेना. सरळ म्हटलं, “मावशी, तुमची आत्या विलायतेला गेली नाही. ती तळावरच वारली. पटकीनं. एका दिवसात.”

तिनं विचारलं, कोण म्हणतं. मी वहीबद्दल सांगितलं. कोणी लिहिलं, कसं लिहिलं. सकाळ आणि संध्याकाळ. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “न्हेली कुणी?”

“तुमच्या आजीनं. तिचा अंगठा आहे.”

“तिचाच कशावरनं?”

मी फोनमध्ये त्या पानाचा फोटो काढून आणला होता. मोठा करून दाखवला. तिनं फोन बऱ्या डोळ्याजवळ नेला. मोडी तिला कुठून येणार. साधी अक्षरंही येत नव्हती. पण अंगठा दिसला. शाईतल्या रेषाही दिसत होत्या. त्या ठशाच्या मधून एक उभी पांढरी रेघ गेली होती, वरखालच्या ठशांतूनही; मला ती कागदाची घडी वाटली होती.

“इळ्यानं कापल्यालं,” म्हातारी म्हणाली. “ल्हानपनी. गवत कापताना. माज्या डोक्याला त्याल लावायची तवा लागायचं टोचरं.”

फोन तिनं परत दिला नाही. तसाच मांडीवर धरून बसली. स्क्रीन विझली. सून मागं उभी राहून पदरानं तोंड दाबून रडत होती. म्हातारी रडली नाही. जमिनीकडं बघत बोलायला लागली.

“मी आठ धा वर्साची हुते. भांडान झालं की मीबी तिला म्हनायची, पोर इकनारी. समद्या पोरी म्हनायच्या, मीबी म्हनायची. ती काय बोलायची न्हाई. शेवटाला आजारी पडली तवा बाप म्हनाला, जा पानी दे तिला. मी दिलं. पर तोंड तिकडं करून दिलं.”

मग तिनं माझ्याकडं वळून विचारलं, “तू पयल्यांदा आलीस तवा तुला ठावं हुतं?”

“नाही. काहीच माहीत नव्हतं.”

“मंग तसं बोलायचं हुतंस. मला वाटलं तू सांगावा घिऊन आलीस. येवडे दिस मी आनकी येकदा वाट बगितली.”

मी माफी मागितली. तिनं ती घेतलीही नाही, नाकारलीही नाही. उठताना सुनेला म्हणाली, बाईला चहा दे.

पुढच्या महिन्यात सुनेचा फोन आला, की घरी जलदान विधी ठेवलाय, आत्तींनी तुम्हाला बोलावलंय. आमच्याकडं तेरावं असतं तसा बौद्धांमध्ये माणूस गेल्यावर हा विधी करतात. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या चार वर्षांच्या मुलीचा विधी करायचा, असं म्हातारीनं ठरवलं होतं. बौद्धाचार्य आधी बिचकले होते, असं नंतर कळलं. इतक्या जुन्या मरणाचा विधी त्यांनी कधी केला नव्हता. पण नाही म्हणायला कारणही सापडलं नाही.

दारात छोटा मांडव होता. पाटावर पांढरं कापड, मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात तिथं मायलेकींपैकी कोणाचाच फोटो नव्हता. कधी काढलाच नव्हता. म्हातारीनं मला ते पान छापून आणायला सांगितलं होतं. ते काचेच्या चौकटीत लावून तिथं ठेवलं. त्या पानावर आणखी किती माणसांची नावं होती, परमुलखातल्या मजुरांची. कोणी तरी म्हणालं, फक्त ती ओळ कापून लावायला हवी होती. म्हातारी म्हणाली, राहू दे, समद्यांनाच पानी मिळंल.

वस्तीतली बहुतेक माणसं आली होती. वरच्या गावातले तिघेचौघे मागं उभे होते, बसले नाहीत. त्रिसरण, पंचशील झालं. बौद्धाचार्यांनी मला पुढं बोलावून कागदात काय आहे ते वाचायला सांगितलं. मी वाचलं. मुलीचं नाव, वय, आईचं नाव. हजेरीची वहीही वाचली. तो दिवस हजर, दुसरा दिवस हजर. मांडवात कोणी हललं नाही. मागं उभ्या असलेल्यांपैकी एक म्हातारा खाली बसला.

मग म्हातारी उभी राहिली. तिला धरायला सून पुढं झाली, तिनं हात बाजूला केला. तिनं भाषण केलं नाही. एवढंच म्हणाली, “आमच्या आजीनं पोर इकली न्हवती. ऐकलं का समद्यांनी? इकली न्हवती.” आणि बसली. ज्यांनी आजीला तसं म्हटलं होतं त्यांतलं कोणीही आता जिवंत नव्हतं, या म्हातारीशिवाय.

मे महिन्यात धरणाचं पाणी खाली गेलं तेव्हा तिनं मला पुन्हा बोलावलं. तळ दगडाच्या खाणीजवळ होता, ती जागा पाण्याखाली गेली, पण कडक उन्हाळ्यात काठ उघडे पडतात. जुना नकाशा घेऊन मी गेले. रिसॉर्टच्या कुंपणाच्या कडेनं खाली उतरलो. सुकलेल्या गाळाच्या भेगा, त्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, लांबवर कोणीतरी जाळं आवरत होतं. नकाशावरून मी अंदाज बांधला, खाण बहुधा त्या उंचवट्याशी, तळ इकडं, आणि प्रेतं पुरायची तो ओढा त्याच्या मागं. ओढ्याची जागा अजून पाण्यातच होती.

म्हातारी काठी टेकून उभी राहिली. मी दाखवला त्या तळापासून ओढ्यापर्यंत तिनं नजर नेली, परत आणली, परत नेली. सून मागं छत्री धरून होती. मला वाटलं ती नमस्कार करील, काहीतरी पाण्यात सोडील. तिनं काही आणलं नव्हतं.

“बाई,” तिनं विचारलं, “चार वर्साचं पोर वजनाला किती आसतंय?”

मी म्हटलं, तेव्हाच्या मुली बारीक असायच्या. बारा किलो असेल फार तर.

ती पुन्हा त्या अंतराकडं बघत राहिली. ऊन चढत होतं, गाळातून वाफ येत होती. मग ती वळली आणि काठी टेकत, थांबत थांबत, वर गाडीकडं चालायला लागली.